शेऱ्याचा रकाना

हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)
१९ नोव्हेंबर १९९५

प्रिय वृंदा,

सप्रेम जय भीम. ‘वृंदाताई’ असं लिहून दोनदा कागद फाडला, तेव्हा कुठे हे ‘प्रिय वृंदा’ जमलं. तूच दम भरला होतास ना, की लॅबच्या दाराबाहेर मॅडम नाही आणि पत्रात ताई नाही! सात वर्षांत मी तुला नव्या वर्षाची कार्डं तेवढी पाठवली, त्यांतही मजकूर छापलेलाच. म्हणून एवढं जाड पाकीट बघून कोल्हापुरात कुणी घाबरू नका. इकडे सगळे सुखरूप आहेत आणि बातमी चांगली आहे. तुझी विठा परीक्षा पास झाली. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, शंभरात एकाहत्तर मार्कांनी, आणि कुणाचंही बघून न लिहिता!

कसली परीक्षा, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आपल्या हॉस्पिटलात डॉक्टर टिपणीस म्हणून नवे पॅथॉलॉजिस्ट आले, हेमचंद्र टिपणीस. चहात साखर घेत नाहीत आणि बोलण्यातही घालत नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, ‘बाई, तुम्ही इथे काय करता?’ मी म्हटलं, ‘बाटल्या धुते, साहेब.’ अगं, उल्हासनगरात निम्मं गाव मला अजून बाटलीवाली बाई म्हणूनच ओळखतं, दुसरं काय सांगणार? सर दिवसभर खुर्ची टाकून माझ्याकडे बघत बसले. मला वाटलं, गेली नोकरी. संध्याकाळी त्यांनी एक कागद पुढे केला. नमुने घेणं, नंबर घालणं, मशीनमध्ये फिरवणं, स्लाइडला रंग देणं, साखरेच्या नळ्या उकळणं, असं काय काय सोळा ओळींत लिहिलेलं. म्हणाले, ‘हे बाटल्या धुणं नाही. ह्याला शिक्षण लागतं, आणि ते तुम्ही कुठून तरी घेतलेलं आहे.’ मी सांगितलं, वृंदा मॅडमकडून.

मग सरांनी वर जाऊन काय भांडण केलं कोण जाणे, पण आम्हा लॅबच्या खालच्या माणसांसाठी वर्ग निघाला. दर शनिवारी दुपारी, वर्षभर. शेवटी बाहेरचे परीक्षक येणार. जो पास होईल आणि ज्याचं लॅबमधलं काम दहा वर्षांचं असेल, तो ‘परिचर’चा ‘प्रयोगशाळा सहायक’ होणार. वृंदा, तुला हे हसण्यावारी वाटेल, पण मला ते पद हवं आहे. पगार थोडा वाढेल, ते राहू दे. मला माझ्या कामाचं नाव हवं आहे. इतकी वर्षं माझ्या पगाराच्या कागदावर जे लिहिलं होतं ते मी करत नव्हते, आणि जे करत होते ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

वर्गात आम्ही सात जण. त्यात रक्तपेढीतला किसन, सगळ्यांत मोठा आवाज त्याचा आणि सगळ्यांत कमी अभ्यासही त्याचाच. पहिल्या दिवशी म्हणाला, ‘सर, आपुन बीस साल से ये काम कर रहे हैं, आता काय शिकवणार?’ सरांनी त्याला विचारलं, रक्ताची बाटली ज्या तापमानाला ठेवतोस त्याच का ठेवतोस? किसन डोकं खाजवायला लागला. मग आम्ही सगळ्यांनीच वह्या उघडल्या. घरी माझी मास्तरीण चिमी. तू गेलीस तेव्हा पाचवीत होती, आता बारावीला आहे आणि मला मुळीच दयामाया दाखवत नाही. मी भाकऱ्या थापायची आणि ती ओट्याशी उभी राहून इंग्रजी शब्द विचारायची. चुकलं की म्हणायची, ‘आई, यार, काल सांगितलं ना!’ आमचे बाळाजी बाहेरून ओरडायचे, की आधी भाकरी भाजू दे, पास नंतर हो. पण परीक्षेच्या महिनाभर स्वयंपाक त्यांनीच केला, हे तू तुझ्या दिनानाथरावांना मुद्दाम सांग.

अभ्यास करताना पानोपानी तूच भेटत होतीस. साखरेच्या तपासणीचा धडा आला आणि मला हसू फुटलं. निळ्या द्रावणाची नळी उकळायची, निळीच राहिली तर साखर नाही, हिरवट झाली तर एक प्लस, पिवळी दोन, नारिंगी तीन आणि विटेसारखी लाल झाली की चार. तू मला हे वाचायला दिलं नव्हतंस, कारण मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तू सरळ तुझ्या साड्यांवर बसवलं होतंस. सोमवारची हिरवी एक प्लस, हळदीकुंकवाला मिळालेली पिवळी दोन. लग्नातली लाल नेसून एकदा तू आलीस तेव्हा मी दारातच ‘चार प्लस’ ओरडले होते, आणि आत बसलेले पेशंट घाबरले होते. आणि ते लाकडी चिमट्यात नळी धरणं! उकळत्या नळीचं तोंड स्वतःकडे धरायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाकडेही धरायचं नाही. तो चिमटा तू जाताना मला देऊन गेलीस. परीक्षेला मी तोच नेला होता.

आणखी एक गोष्ट मी तुला कधी बोलले नाही. मी ब्याऐंशीला रोजंदारीवर लागले, तेव्हा लॅबच्या खिडकीत माझ्यासाठी वेगळा कप ठेवलेला असायचा. कुणी काही म्हणायचं नाही, पण तो कप कुणाचा ते सगळ्यांना माहीत असायचं. पुढच्याच महिन्यात तू रुजू झालीस आणि आठवड्याच्या आत त्या कपात काचेवर लिहायच्या पेन्सिली उभ्या करून ठेवल्यास, आणि दुपारी बीकरमध्ये चहा उकळून दोघींना सारख्याच कपांत ओतलास. मला वाटलं, तुला ठाऊक नसेल, चुकून झालं असेल. ते चुकून नव्हतं हे कळायला मला वर्ष लागलं. चहासाठी वेगळा बीकर ठेवून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘चहा’ लिहिणारी बाई अशा बाबतीत चुकत नाही.

पण आता चुकीचंच सांगायचं आहे. नऊ वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आहे, तेव्हा बसून वाच. शहाऐंशीचा मे महिना आठवतो? वांगणीचा सोमा? अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत त्याची निवड झाली होती आणि तो मेडिकल तपासणीला आपल्याकडे आला होता. पहिली पक्की नोकरी, घरात नवी बायको, आणि अंगावर लग्नातलाच शर्ट. लघवी तपासायची म्हटल्यावर बिचारा लाजून भिंतीकडे बघायला लागला. बाटली आणली नव्हती. त्या वेळी लोक घरून काय काय आणायचे ते तुला सांगायला नको, खोबरेल तेलाच्या बाटल्या, शाईच्या दौती, एकदा तर लोणच्याची बरणी! म्हणून मी मोरीखाली माझा साठा करून ठेवला होता. समोरच्या होतचंदच्या शरबताच्या दुकानातून लहान बाटल्या मिळायच्या. ‘ले जा बाई, पुण्य का काम है,’ म्हणायचा. तुझा नियम कडक होता. बाटली गरम सोड्याच्या पाण्यानं तीनदा धुवायची, उपडी ठेवून वाळवायची, मगच ती रॅकवर जाणार.

त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. रॅकवर धुतलेली बाटली एकही नव्हती. सोमाला उद्या ये म्हणायला हवं होतं. पण तो सकाळपासून उपाशी बसलेला, कंपनीत दुसऱ्या दिवशी कागद द्यायचा होता. मला दया आली. एक बाटली घेतली, लोट्यातलं दोन घोट पाणी घालून खळबळली, पदरानं तोंड पुसलं आणि दिली. नळीही मीच उकळली. विटेसारखी लाल! मी आनंदानं तुला हाक मारली, इतका चांगला रंग मी पहिल्यांदाच काढला होता. तू नळी उजेडात धरून पाहिलीस, रजिस्टरात लिहिलंस आणि रिपोर्टावर सही केलीस. सोमाला नोकरीसाठी नापास केलं ते त्या रंगानं.

आठ दिवसांनी तो सासऱ्याला घेऊन आला, हातात दुसऱ्या दोन लॅबचे रिपोर्ट. दोन्हीकडे साखर नाही. ओरडला नाही, पायरीवर बसून रडला. म्हणाला, ‘मना कालपरवा सासरी पंगतीत भात नाय वाढला. माजी जागा दुसऱ्याला दिली तं मी काय करू?’ तू त्याला स्वच्छ बाटली देऊन पुन्हा तपासलंस, नळी निळीच्या निळी. त्या वेळच्या मोठ्या डॉक्टरांनी तुला आत बोलावलं, बाहेर ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलले आणि मेमो दिला. मी दाराबाहेर स्लाइडी पुसत होते, तुझं ‘चूक माझी’ एवढंच ऐकू आलं. मला तेव्हा सगळं कळलं होतं, वृंदा. आदल्याच दिवशी मोरीखालची त्याच गठ्ठ्यातली बाटली हातात धरली होती, तर तिचा गळा बोटाला चिकटला होता.

मी बोलले नाही. त्याच महिन्यात रोजंदारीवरच्या बायकांतून कायम कुणाला करायचं त्याची यादी होत होती (हुकूम हातात पडायला पुढे दोन वर्षं लागली), आणि बाळाजींच्या कंपनीला टाळं लागलेलं. एवढंच कारण होतं, ते मोठं करून सांगत नाही. तू सही केलेलं पत्र घेऊन स्वतः सोमाच्या कंपनीत गेलीस, तासभर बाहेर बाकावर बसलीस, आणि पंधरा दिवस उशिरा का होईना, त्याला घेतलं. पण पुढच्या महिन्यात सीनियर टेक्निशियनची जागा भरली तेव्हा तुझं नाव मागे राहिलं. तू हसून म्हणालीस, ‘बरं झालं, रजिस्टरं कोण सांभाळणार!’ मी चहा केला.  मेमो मिळाल्याच्या दुसऱ्या सकाळी तू येऊन मोरीखालच्या सगळ्या बाटल्या स्वतः धुवायला लागलीस. मी घ्यायला आले तर म्हणालीस, राहू दे, हात मोकळे आहेत. मला वाटलं, तू राग बाटल्यांवर काढते आहेस.

सोमा मजेत आहे बरं का. पोट सुटलंय, दोन मुलगे आहेत. कंपनीच्या तपासणीला दरवर्षी येतो आणि बाटली घरून आणतो, दोनदा उकळून, फडक्यात गुंडाळून. मला म्हणतो, ‘बाय, तुजी बाटली नको.’ सगळे हसतात, मीही हसते. हसताना माझं काय होतं ते मलाच ठाऊक.

तोंडी परीक्षेची मजा ऐक. परीक्षकांनी मला स्लाइड दिली आणि म्हणाले, रक्ताचा थर काढून दाखवा. मी सवयीनं ती ट्यूबलाइटपुढे धरली, एक फुंकर मारली, आणि तोंडातून निघून गेलं, ‘साहेब, ही तेलकट आहे, हिच्यावर रक्त नीट पसरणार नाही.’ टिपणीस सर छताकडे बघायला लागले. परीक्षकांनी स्लाइड चष्म्याजवळ नेली, पुसली, परत पाहिली आणि म्हणाले, ‘खरं आहे हो बाई.’ मग खुशीत येऊन त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. माणसाला साखर नसताना नळी लाल होऊ शकते का? मी म्हटलं, होते. बाटली शरबताची असेल तर. आंबट घालून उकळलेल्या पाकात साखरेचं रूप बदलतं आणि निळ्या द्रावणाला ती सापडते, हे सरांनी शिकवलं होतं. परीक्षक म्हणाले, ‘हे पुस्तकात नाही. कुठे पाहिलंत?’ मी सांगितलं, आमच्याच लॅबमध्ये. बाटली मी दिली होती, धुतलेली नव्हती. नऊ वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य मी मोठ्यानं बोलले, आणि त्याला मला दहापैकी नऊ मार्क मिळाले! घरी पेढे आले तर मी माझा चिमीच्या ताटात सरकवला. चिमीला वाटलं, आनंदानं.

निकालानंतर ऑफिसातून निरोप आला. कायम झाल्यापासूनची सात वर्षं धरता येतात, पण नियम दहा वर्षांचा. आधीची रोजंदारीची सहा वर्षं कागदावर सफाईची. लॅबचं काम केल्याचा पुरावा आणा, नाहीतर प्रमाणपत्र घ्या आणि परिचरच राहा. सर म्हणाले, जुनी रजिस्टरं काढू, कुठेतरी तुमचं नाव असेल. म्हणून मी आणि किसननं एक्स-रेच्या खोलीवरच्या माळ्यावरून पत्र्याची ट्रंक उतरवली. दोन दिवस मी पानं उलटत बसले. ब्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी, हजारो नळ्या मी उकळलेल्या, हजारो नंबर मी घातलेले, आणि पानोपानी तुझी सही. माझं नाव कुठेच नाही. त्यात तुझा दोष नाही, आमची नावं लिहायची पद्धतच नव्हती. किसन म्हणाला, ‘छोड ना, अपना नाम कौन लिखता है.’ मी पानं उलटत राहिले आणि शहाऐंशीच्या मेपाशी आले.

सोमाचा नंबर होता. त्यापुढे चार प्लस, खाली लाल शाईत दुसऱ्या तपासणीचा निकाल, निल. आणि समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, इंग्रजीत दोन ओळी. ते रजिस्टर मी तेव्हाही शंभर वेळा पुसलं असेल, ते पान उघडं पडलेलं पाहिलं असेल. तेव्हा त्या मला मुंग्याच होत्या. आता मी बोट ठेवून वाचलं, चिमीला विचारायची गरज पडली नाही. बाटली लॅबची. मोरीखालच्या बाकीच्यांना शरबताचा वास. पाणी नव्हतं. मी पाहायला हवी होती. खाली तुझी सही, मेमोची तारीख आणि वेळ, तुला आत बोलावलं त्याच्या आधीची. म्हणजे डॉक्टरांपुढे उभी राहायच्या आधी तू मोरीखालच्या बाटल्या हुंगून आली होतीस. बाटल्या देणारी एकच बाई होती हे तुला माहीत होतं, आणि आत जाऊन तू म्हणालीस, चूक माझी. मी त्या ट्रंकेजवळ फरशीवर बसून खूप रडले. किसननं न विचारता चहा आणून दिला, तेवढी अक्कल आहे त्याला.

सोबत एक छापील फॉर्म घातला आहे, वृंदा, आणि हे सगळं पुराण त्याच्यासाठी आहे. त्या सहा वर्षांत मी काय काम केलं ते त्या वेळच्या टेक्निशियननं सही करून लिहिलं, तर ऑफिस ते धरतं. डिसेंबरअखेर तो पोचायला हवा. कामाच्या ओळी तू भर, तुझ्याइतक्या त्या कुणाला माहीत नाहीत. सगळ्यात खाली एक रकाना आहे, ‘शेरा: उमेदवाराकडून घडलेली चूक अथवा तक्रार’. सर म्हणाले, तो सगळे कोराच ठेवतात, उगाच अडचण नको. पण तो मी माझ्या हातानं, शाईनं भरला आहे. ‘मे १९८६. न धुतलेली बाटली पेशंटला दिली. सांगितलं नाही. मेमो दुसऱ्याला मिळाला.’ सरांना दाखवला. ते दोनदा वाचून म्हणाले, ‘पाठवा.’ वर त्याचं काय करतील ते मला माहीत नाही, आणि पद गेलं तर मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू! पण त्या रजिस्टरांत सहा वर्षं माझं नाव ना कामाला लागलं, ना चुकीला. एकाच कागदावर दोन्हीला लागू दे. तू मायाळू आहेस, ती ओळ खोडायला तुझा हात पुढे होईल, म्हणून आधीच सांगते, खोडू नकोस. मी शिकले आहे, हे तुला दिसायला हवं. कामाच्या ओळी भर, शेऱ्याची ओळ तशीच ठेव, आणि दोन्हींच्या खाली सही कर.

तुझीच,
विठा